श्रावणकाकाच्या नावावर चार पुस्तकं

हॅलो?… हॅलो ताई?… कोण, मावशी? अवं मावशी, दामिनी बोलून राहिली मी, वलगावहून. ताई कुठे गेली?… न्हाऊन राहिली? दुपारच्या तीन वाजता?… हाव, रविवार आहे म्हणा. … मी बरी आहे वं. … आई खाली तुरीच्या शेंगा सोलून राहिली. … हाव, सोल्याचीच आमटी. … नाई नाई, रडून नाई राहिली. गच्चीवर आहे ना, वारं आहे लय. … काम म्हणजे… आपल्या वाचनालयाची साइट नाई का बनवली मी, ताईनं मदत केली होती. त्यातली कुकी बिघडली जराशी.

वारं खरंच होतं, पण एवढं नव्हतं. एरवी दामिनी फोनवर बोलायला लागली की शेजारच्या गच्चीवर मुगवड्या घालणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या, इतका तिचा आवाज खणखणीत. आज मात्र ती पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उकिडवी बसली होती, मांडीवर भावाचा जुना लॅपटॉप, आणि डोक्यावरून लॅपटॉपसकट ओढणी घेतलेली. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून. असं तिने आईला तरी सांगितलं होतं.

कुकी म्हणजे… कसं सांगू मावशी तुले. बहिरमच्या जत्रेत तू आपल्या करिश्माच्या फ्राकाच्या खिशात चिठ्ठी टाकली होती ना, पोट्टी हरवली तं सापडावी म्हणून?… हाव, मोबाईल नंबर लिहून. बस, तशीच चिठ्ठी आपली साइट फोनच्या खिशात टाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी तो फोन पुन्हा आला की चिठ्ठी काढून पाहते, अरे हा तं आपला अमुक! मंग नाव-पासवर्ड काई विचारत नाई, सरळ आत घेते. … नाई वं, चोरून नाई टाकत. विचारून टाकते. तिथं एक चौकोन आहे, 'मले लक्षात ठेव' लिहिलेला. त्याच्यावर टिक केली तरच. … हाव, वऱ्हाडीतच लिहिलं मी! सगळ्या गावाले आवडलं ते. … आली का ताई? दे, दे.

ताई! अवं किती वेळ… बरं, पूस केस, पूस. आयक ना. एक बारकीशी चूक आहे. एकदम बारकी. तू अकोल्याच्या जठारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात दिवसाले अशा पन्नास काढत असशीन. … पाच वाजता वाचनालयाच्या कमिटीची मीटिंग आहे, त्याच्या आत झालं पाहिजे. … कधी कधी ना, एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर दिसते. … कधी कधी म्हणजे कधी कधी. त्या दिवशी बरोबर असते आणि दुसऱ्या दिवशी चुकते. … माझ्या फोनवर नाई होत ना! वीस वेळा केलं सकाळपासून. लॉगिन, टिक, सगळं बंद, पुन्हा उघडलं. दर वेळी माझीच पुस्तकं येतात. … मैत्रीण आहे ना माझी सीमा, तिच्या फोनवर केलं, तिचीच येतात. … होते ना. एका घरच्या फोनवर होते. … कोणाच्या म्हणजे? तुले काय करायचं नावाचं, तू चूक सांग ना. … बरं. श्रावणकाकाच्या.

नाव घेतलं आणि तिने ओढणी आणखी पुढे ओढली.

श्रावणकाका म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले गृहस्थ. चौदा वर्षं झाली, रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलवरून येऊन वाचनालयाचं कुलूप काढणार ते, आणि आठला लावणार तेच. पगार नाही, मानधन नाही. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून पुस्तकांना कव्हरं घालायचे. कोणी पुस्तक घेतलं की जाडजूड रजिस्टरात शाईच्या पेनाने नाव लिहायचे, आणि नाव लिहिण्याआधी चष्म्यावरून एकदा माणसाचं तोंड पाहायचे. लहानपणी दामिनीला त्याची गंमत वाटायची. रोजची तर आपण येतो, अन् हे रोज नवीन असल्यासारखं पाहतात! दिवाळीनंतर ते रजिस्टर कपाटात गेलं आणि दामिनीची साइट आली. ज्याने त्याने आपल्या फोनवरून पुस्तकाचा नंबर टाकायचा, 'घेतलं' दाबायचं, संपलं.

उघडलं. … एफ बाराचं बटण दाबलं, हाव. … ॲप्लिकेशन… कुकीज… थांब, अंधार करू दे. … एकच आहे. 'लक्षात' नावाची. … हाव, मीच देल्लं नाव. … मुदत तीस दिवस. … त्याच्यात लांबलचक गिचमिड आहे, आकडे अन् अक्षरं. … नाई वं, पासवर्ड नाई ठेवला त्यात, एवढी येडी नाई मी. … लॉगआउट केलं की मिटते. … मिटते ना, तपासलं. … साइटच्या साऱ्या पानांवर चालते, ते पण बरोबर आहे. … मंग? काहून होऊन राहिलं असं?

नाई, कोणाले त्रास नाई झाला. … नाई म्हटलं ना. … समजलं कसं म्हणजे, माया आली होती. श्रावणकाकाची नात, आठवीत आहे आमच्याच शाळेत. काल मधल्या सुट्टीत आली, म्हणे, ताई, घरून माझ्या नावानं उघडून नेते मी, वाचनालयात जाऊन पुस्तक घेते, मंग 'माझी पुस्तकं' पाहिलं तं आबाची, आजीची, सगळ्याइची दिसतात. असं काहून? … मी?… मी म्हटलं, तूच कुठे बोट लावलं असशीन. … रागावू नको ना ताई. … हाव, मैत्रिणी होत्या माझ्या. … हाव, त्यांच्यासमोर. … गेली ती.

पानावर नाव?… म्हणजे वर 'नमस्कार, अमुक' असं?… नाई दिसत. … नाई टाकलं. … साइट उघडली की झेंडूची फुलं पडतात ना वरून, त्याच्यात जागा नाई उरली. नुसतं 'नमस्कार' आहे. … हसू नको. … तू हसत नाईस? मंग काय करून राहिली?

अकोल्याकडून काय आलं कोण जाणे, दामिनीने लॅपटॉपच्या कडेवर साचलेली धूळ बोटाने पुसायला सुरुवात केली. एक कड, दुसरी कड, मग तिसरी.

यादी? हाव, निघते ना. कोणाकडे किती पुस्तकं, ते सगळं निघते. … एका माणसाले एका वेळी एकच पुस्तक, हाच नियम आहे. जुनाच. … काकाच्या नावावर… चार. … चार म्हणजे चार. … काढली होती एकदा. सव्वीस जानेवारीले. … फलकावर लावली. … कमिटीनंच म्हटलं, पारदर्शक कारभार. … नाई, कोणी काई नाई बोललं. … मी बोलली. थोडंसं. … माईकवर.

थांब ना, सगळं आयक तं खरं! झेंडा झाला, आणि मंग कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, आता आपल्या गावची कन्या दामिनी आपल्याले साइट दाखवते. पडदा लावला होता. पूर्ण शाळा, पूर्ण गाव. मी एक-एक दाबून दाखवून राहिली, आणि तिथं ते आलं. सगळ्यात वर. श्रावण, चार. मोठ्या अक्षरात. मले तं आधी माहीतही नव्हतं, खरंच, तिथंच पाहिलं मी पहिल्यांदा. … मंग लोक हसले थोडे. … मंग मी… 

ताई, ते राहू दे ना.

राहू दे म्हणून ताई राहू देणाऱ्यातली नव्हती. दामिनीच्या कानशिलांपासून गळ्यापर्यंत लाली चढली, ओढणीखाली कोणी पाहणारं नसताना.

मी म्हटलं, 'ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या घरी कपाट!' … हाव. … अशीच बोलली. … टाळ्या पडल्या ना! मले वाटलं, काय जमलं! दुसऱ्या दिवशी वर्गातले पोट्टे तेच म्हणून दाखवून राहिले मले. दोन दिवस तं मी… मले बरं वाटून राहिलं होतं, ताई. हे पण सांगते तुले. मी आरशासमोर म्हणून पाहिलं पुन्हा.

… काका? तिथंच होते. दोरी गुंडाळून राहिले होते, झेंड्याची उरलेली. … गुंडाळत राहिले. … दुसऱ्या दिवशी पाच वाजता आले, रोजच्यासारखं उघडलं, झाडलं. फडक्यात बांधून चारही पुस्तकं आणली होती, ती टेबलावर ठेवली. किल्ली भगवंतरावाच्या घरी नेऊन देल्ली अन् गेले. … तवापासून बंदच आहे वाचनालय. दहा-अकरा दिवस झाले. … आज तेच ठरणार आहे ना. किल्ली कोणाले द्यायची. कुलदीपचं नाव आहे, भगवंतरावाचा भाचा. … नाई वं, तो कुठला वाचते! त्याले बसायले जागा पाहिजे दोस्ताइले घेऊन.

… भगवंतराव काय म्हणाले? त्याच दिवशी म्हणाले, माईक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, आमी तं आधीपासून म्हणत होतो, किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये. … हाव, 'कोणाच्याही'. … मले तवा वाटलं, साइटची तारीफ करून राहिले. … 'कोणाच्याही' म्हणजे कोणत्या मोहल्ल्याच्या, ते आता समजलं ना ताई. नको ना पुन्हा सांगू. काकाच्या मोहल्ल्यातले लोक उठून गेले तवाच, पाच-सहा जण. मले वाटलं, जेवायची वेळ झाली असन.

खाली आईने हाक मारली, "दामे, शेंगा न्यायच्या का गच्चीवर?" दामिनीने फोनवर तळवा ठेवून "नको!" म्हटलं, ते इतकं जोरात की गच्चीच्या कठड्यावरचा कावळा उडाला.

बोल. आहे मी. … ताई, काकानं नियम मोडला असता ना, तं बरं झालं असतं बघ. … नाई, तसं नाई म्हणायचं मले. … बरं, पुढे सांग. तक्ता उघडू? कोणता?… चिठ्ठ्यांचा. उघडला. … तीन खाने आहेत. एक ती गिचमिड, एक मुदत, एक मोबाईल. … नाई, सभासद क्रमांक नाई टाकला. मोबाईलच टाकला. … काहून म्हणजे, चिठ्ठी आली की मोबाईल पाहायचा आणि सभासदांच्या यादीत तो नंबर शोधायचा. सोपं पडते ना. … हाव, सापडला की थांबते. … पहिला जो सापडन तो. … पहिला म्हणजे काय ताई, एकच असणार ना! एका नंबरचा माणूस एकच…



गच्चीवरच्या वाऱ्याने ओढणीचं टोक उडून लॅपटॉपवर आलं, ते तिने बाजूला केलं नाही. ती बहिरमच्या जत्रेत पोचली होती. एका घरची चार लेकरं, चौघांच्या खिशात चिठ्ठी, चारही चिठ्ठ्यांवर एकच नंबर आणि नाव कोणावरच नाही. माईकवाल्याने पुकारावं तरी कोणाला?

… आहे. आहे मी, ताई. … टाकते नंबर. … टाकला.

चार ओळी आल्या.

श्रावण. केशरबाई. अश्विन. माया. … हाव. चौघांचा एकच. … केशरबाई म्हणजे काकू, काकाची बायको, अन् अश्विनदादा म्हणजे मुलगा त्यांचा, अमरावतीले दुकानात आहे, त्याचा रिचार्ज कधी राहते कधी नाई, म्हणून त्यानंही घरचाच लिहायले सांगतला. … ताई, मीच लिहिला ना. नोंदणी मीच केली, वाचनालयात बसून. काका एक-एक नाव सांगून राहिले आणि मी टाईप करून राहिली. तोच नंबर. चार वेळा. माझ्याच बोटानं. चवथ्या वेळेस तं काका म्हणाले पण, 'बाई, तोच बरं का, आमच्या घरी फोन एकच.' आणि मी म्हटलं, 'हाव काका, चालते.'

चालते म्हटलं मी.

… मायानं घरून लॉगिन केलं तवा मायाच असते. वाचनालयात जाईपर्यंत ब्राउझर बंद. तिथं उघडलं की चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर नंबर, नंबराचा पहिला माणूस काका. … हाव. सभासद क्रमांक एक. म्हणून दर वेळेस तेच. … चार माणसं, चार पुस्तकं. एकाले एक. … नियमात. पूर्ण नियमात होते, ताई.

… मले कसं सुचलं नाई? कारण मले दहावीत ब्याण्णव टक्के पडले आणि बाबांनी मले फोन घेऊन देल्ला. माझा. माझ्या एकटीचा. त्याच्यावर वीस वेळा तपासलं, सीमाच्यावर तपासलं, तिचाही तिचाच. … वाटलं सगळ्याइले असते. … नाई, वाटलं पण नाई. तसा विचारच नाई आला, ते तं आणखी वाईट.

… बाकीचे? थांब, पाहते. … एका नंबरावर तीन… दोन… पुन्हा तीन. सात घरं निघाली अशी. … हाव, यादीत होते ते पण, दोन-दोन, तीन-तीनवाले. माईकवर एकाचंच नाव घेतलं मी.

थांब ताई, मधात कोणाचा तरी फोन येऊन राहिला. …

तिने फोन कानापासून दूर धरून पाहिलं. स्क्रीनवर नाव होतं, श्रावणकाका. नोंदणीच्या दिवशी तिनेच सेव्ह केलेलं. ती त्या नावाकडे ते बंद होईपर्यंत नुसती पाहत राहिली.

कोणी नाई. कंपनीचा. … आयक, मी काय म्हणते. एक खाना बदलते, मोबाईलच्या जागी सभासद क्रमांक. जुन्या चिठ्ठ्या साऱ्या पुसून टाकते, पुन्हा एकदा लॉगिन करतीन सगळे. … हाव, वर नाव पण टाकते, झेंडू काढून टाकते. … पुस्तकं ज्याची त्याच्या नावावर. नवीन यादी छापते, मीटिंगच्या आधी फलकावरची जुनी काढते, नवीन लावते. कोणाले काईच समजणार नाई. … काका येतीन ना परत! यादीत नाव नसलं की येतीन. … काहून सांगू मुद्दाम? … मशीनमधी गडबड होती, एवढं म्हणते. खोटं थोडीच आहे. … ताई, तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार आहे हे, मॅडमनं नाव पाठवलं माझं. भगवंतराव काय म्हणतीन? पोट्टे काय म्हणतीन? तेच वाक्य उलटं करून म्हणतीन मले, बारावी होईपर्यंत म्हणतीन. …

… हाव. काकाले तसंच म्हणून राहिले असतीन. … हाव. मायालेही. वर्गात. … 

बोलू नको ना काई थोडा वेळ.

अकोल्याहून मावशीच्या घरच्या कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, एक, दोन. दामिनीने नाक ओढणीला पुसलं.

मशीन नाई चुकलं, हे मले माहीत आहे. त्यानं मी सांगतलं तेच केलं.

… पुन्हा आला. फोन. … तोच. … खोटं बोलली मघाशी, कंपनीचा नव्हता. श्रावणकाकाचा आहे. … नाई उचलत मी. नाई होत माझ्याच्यानं. काय बोलू त्यांच्याशी? … कशावरून काकाच म्हणजे? नाव तं त्यांचंच येऊन राहिलं ना स्क्रीनव…

… हाव.

हाव ताई. चौघांचा आहे. … कोणाचाही असू शकते. … ठेव तू. ठेव, उचलते मी, बंद होईन नाई तं. ठेव ना!

तिने अकोला ठेवलं आणि वलगाव उचललं. तोंडावर आलेलं "काका, मी" तिने मागे घेतलं.

हॅलो?… हाव, बोला. आधी सांगा, कोण बोलून राहिलं?… केशरकाकू? … हाव काकू, बरोबर लागला. वाचनालयाचाच. फलकावर लिहिलेला तोच नंबर. … नाई, अडचण कायची, बोला ना. … पुस्तक? कोणतं? … हिरव्या कव्हरचं. … नाव नाई वाचता आलं अजून? मोठं जोडाक्षर आहे… बरं, बरं, आतलं येते ना. आत काय आहे? … मेळघाटातलं अस्वल. मोहाच्या झाडावर चढलेलं. हाव, माहीत आहे मले ते. … आठ पानं राहिली? … आणि काका घेऊन आले परत. न विचारता. … हाव. … मायाजवळ अक्षरं शिकून राहिल्या तुमी? दसऱ्यापासून? … चौसष्ट पानं वाचली? एकट्यानं? … लय आहेत काकू. लय.

… नाई, दुसऱ्या कोणी नाई नेलं. बंदच आहे ना वाचनालय. टेबलावरच असन. … काका कुठे आहेत? … अंगणात. सायकल पुसून राहिले. … रोज पुसतात? जायची वेळ होत आली की? … आणि मंग नाई जात. … हाव. …

… हाव, बोलली होती एक पोट्टी. माईकवर. … हाव काकू. … हाव, शिकली म्हणून काय झालं. … तोंड पाहून तरी बोलावं माणसाचं, हाव. … चौदा वर्षं. … माया दोन दिवस शाळेत नाई गेली? … नाई, मले नव्हतं माहीत. … नाई काकू, बरोबर आहे तुमचं, बोला तुमी. आयकून राहिली मी.

ऐकताना ती केव्हा उभी राहिली, तिलाच कळलं नाही. ओढणी टाकीच्या नळाला अडकून खाली राहिली. समोर सगळं वलगाव उन्हात होतं, शाळेचं छत, त्याच्या पलीकडे वाचनालयाचं बंद दार, आणि तिथून कोणीही मान वर केली असती तर गच्चीवरची पोरगी सरळ दिसली असती.

मी?… मी साइटचं काम पाहते. … नाव? … नाव काय करता काकू, मी आणून देते ना पुस्तक. …

दामिनी.

… हाव काकू. तीच.

… हॅलो? … आहात ना? … नाई, ठेवू नका, एवढं आयका. काकाची चूक नव्हती. तुमची कोणाचीच नव्हती. एका फोनवर चार माणसं वाचतात, हे मी लक्षातच नाई घेतलं. चौघांले एक समजली मी. आणि वरून बोलली. … नाई काकू, मशीन नाई. मी. … 

… रडून नाई राहिली.

… काकाले पाठवान पाच वाजता? … नाई येणार. हाव, मी पण नसती आली. … मंग मी येते आधी तुमच्या घरी. आता येते, चार नाई वाजले अजून. काकाले सांगते, मायाले सांगते, मंग मीटिंगमधी सांगते. … मीटिंगले माईक नाई राहत, पण आणते मी, खुशालराव मंडपवाल्याचं घर लागूनच आहे आमच्या. … हाव, माईकच पाहिजे. … म्हणू दे काय म्हणायचं ते.

… तुमी नका सांगू काकाले. मी आली की मी सांगीन. … त्यांनी नाई बोललं तं नाई. … हाव, अंगणातच उभी राहीन. …

काय? … पुस्तक घेऊनच ये? किल्ली भगवंतरावाकडे आहे काकू, पण मागते मी. त्यांले सांगते काहून पाहिजे ते. … कितवं पान म्हणाल्या? … चौसष्ट झालं, पासष्टपासून. … नाई, लिहायले काई नाई जवळ. … नाई विसरत, काकू.

लक्षात ठेवते.